कोऱ्या भिंतीवरचे ठिपके

आधीच सांगून टाकते — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. 'नव्हते' असं लिहायला हवं का, ते सगळं वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. माहूरला जाते, रेणुकामातेपुढे मनापासून हात जोडते, तो भाग वेगळा. पण कुणी लागीर, बाहेरची बाधा, अंगात येणं असलं काही सांगायला लागलं की माझी उलटतपासणी सुरू होते... उजेड किती होता? तू किती लांब होतास? पोटात काही होतं की उपाशी होतास? या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभवसुद्धा मी वाचते ते, खरं सांगू का, चुका काढायला. आमचे मिस्टर म्हणतात, तुझ्यासमोर भूत आलं तर तू त्याला युनिट्स काय लावलेस म्हणून विचारशील.

तर माझं माहेर नांदेडचं, सासर लातूरचं, आणि नोकरी औशाला. रोज सकाळी लातूरहून एसटीने जायचं आणि दुपारी परत. कॉलेजचं नाव देत नाही, देण्याची गरजही नाही. घडलं ते दोन-तीन वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, भर दिवसा, साठेक पोरांच्या देखत.

आमची लॅब म्हणजे आनंद होता. ट्रॉली होती तर तिचं एक चाक नव्हतं, स्टॉपवॉच होते तर सेल नव्हते. गती शिकवायची म्हणजे फळ्यावर ग्राफ काढायचा आणि पोरांनी तो उतरवून घ्यायचा. मग एका ट्रेनिंगमध्ये मी मोबाईलवरून व्हिडिओ ॲनालिसिस शिकून आले आणि मला अगदी नवा खेळ सापडल्यासारखं झालं. गोष्ट साधी आहे. कुठलीही हलती वस्तू मोबाईलवर शूट करायची. ॲपमध्ये तो व्हिडिओ टाकला की त्याची एकेक फ्रेम सुटी होते. प्रत्येक फ्रेममध्ये वस्तू कुठे आहे तिथे ठिपका द्यायचा... ठिपके जोडले की ग्राफ तयार. पहिला ठिपका तुम्ही द्या, तर पुढचे ॲप स्वतःच शोधून देतं. म्हणजे तुम्ही लाल टिकलीवर बोट ठेवलं, तर पुढच्या फ्रेममध्ये तसलाच लाल भाग कुठे आहे ते बघतं आणि तिथे ठिपका टाकतं.

प्राचार्य आधी दचकले. "मोबाईल? पोरांच्या हातात? आन् तुम्हीच देणार?" मी म्हटलं, सर, फक्त शनिवारी, मैदानावर, एका ग्रुपला एक. ते हो म्हणाले आणि आमच्या वर्गाला सणाचे दिवस आले. कुणी लिंबू वर फेकून त्याचा पॅराबोला काढला. कुणी सायकल. तीन जणांनी तर बसस्टँडवर जाऊन निलंग्याची गाडी सुटताना शूट केली, तिचं ॲक्सिलरेशन काढायला. कंडक्टर ओरडला, "ओ हिरो, कशाचं शूटिंग लावलंय?" तर एकाने खिडकीत मोबाईल धरून त्यालाच ग्राफ दाखवला, आणि तो माणूस पुढच्या शनिवारी स्वतःहून विचारायला लागला, "आज न्हाई का मोजायचं?" मला नोकरीत इतकं समाधान आधी कधी मिळालं नव्हतं.

आता मूळ गोष्ट.

त्या शनिवारी विषय होता माणसाचं चालणं. कमरेच्या बाजूला, ड्रेसवर, एक मोठी लाल टिकली चिकटवायची, कंपाउंडच्या भिंतीलगत सरळ चालत जायचं आणि भिंतीच्या समोरून शूट करायचं. चालताना कमर खालीवर होते, त्याची सुरेख लाट येते. प्रत्येकाची लाट थोडी निराळी. पोरं खिदळत होती... ही बघ, मंग्याची लाट म्हशीसारखी.

भिंतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढे मी स्वतः तिच्यावरच सगळा संशय घेतला होता. नुकताच पांढरा रंग दिलेली, कोरी भिंत. तोंड उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यात त्या बाजूला ऊन पडतच नाही. सगळीकडे एकसारखी सावली. मोबाईल समोर, दोन बाकं एकावर एक ठेवून त्यावर विटांच्या आधाराने पक्का बसवलेला.

एका ग्रुपमध्ये पल्लवी आणि शिवलीला होत्या. पल्लवी औशाचीच, बडबडी. शिवलीला औसा-निलंगा रस्त्यावरच्या एका खेड्यातून येणारी, लिंगायत घरातली, कपाळावर विभूतीची रेघ, दोन घट्ट वेण्या. डोकं अतिशय तल्लख. श्रावणात तिचे वडील हार्ट अटॅकने गेले, आणि तेव्हापासून तिचं येणं तुटक झालं होतं. आठवड्यात दोन दिवस आली तर आली. विचारलं की म्हणायची, "बस चुकली मॅडम." तिच्या वडिलांना मी कधी पाहिलेलं नव्हतं. ॲडमिशनला तिची आई आली होती. त्यांच्याविषयी मला त्या एका वाक्यापलीकडे काहीही माहिती नव्हती... हे कृपया लक्षात ठेवा.

शिवलीला भिंतीलगत चालत गेली. पल्लवीने व्हिडिओ ॲपमध्ये घेतला. टिकलीवर बोट ठेवून शिवलीलाची लाट काढली — छान, एकसारखी, नियमित. मग दुसऱ्यांदा करून बघताना तिचं बोट चुकलं. टिकलीवर पडण्याऐवजी थोडं मागे, कोऱ्या भिंतीवर पडलं.

कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं तर काय होतं, ते आम्ही आधी कितीदा पाहिलं होतं. ॲपला सगळीकडे सारखंच पांढरं दिसतं. मग ठिपका एक तर जागच्या जागी बसतो, नाहीतर दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखा इकडे तिकडे उड्या मारतो आणि 'सापडत नाही' असा मेसेज येतो.

"मॅडम, हिकडं या ना," पल्लवीने हाक मारली. "ह्ये बघा, रिकाम्या जागेचाच ग्राफ यायलाय."

मी गेले. ठिपके शिवलीलाच्या मागोमाग चालले होते. मागोमाग म्हणजे अर्धं पाऊल मागे, तिच्या वेगाने, पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत. मी म्हटलं, तिच्या ओढणीचं टोक पकडलं असेल. झूम करून पाहिलं. ठिपका होता तिथे ओढणी नव्हती, वेणी नव्हती, काहीच नव्हतं. भिंत.

मग मी ग्राफ पाहिला. शिवलीलाची लाट एकसारखी होती, आणि ही दुसरी... एक उंच, एक खोल. एक उंच, एक खोल. मधे जरासा थांबा. दर दोन पावलांनी तेच.

चूक शोधायची तर प्रयोग परत करायचा, हे मी पोरांना शिकवते. म्हणून पल्लवीला त्याच भिंतीलगत चालायला लावलं आणि तिच्या मागे बोट ठेवलं. ठिपका खिळ्यासारखा जागेवर. आणखी दोघींना चालवलं. काही नाही. परत शिवलीलाला बोलावलं. ठिपके निघाले. अर्धं पाऊल मागे, एक उंच, एक खोल. मग मी माझा स्वतःचा मोबाईल काढला, दुसऱ्या जागी लावला आणि तिला उलट दिशेने चालवलं. या वेळी ते तिच्या दुसऱ्या अंगाला होते... पण मागेच. आणि लाट तीच.

माझ्या मानेवर काटा आला तो तेव्हा. सकाळचे अकरा वाजलेले, आजूबाजूला पोरांचा कल्ला, कँटीनमधून भज्यांचा वास, आणि मला थंडी वाजत होती.

शिवलीला लांबून म्हणाली, "मॅडम, अजून चालू?"

"नको गं. झालं. बॅटरी उतरली," मी म्हटलं.

पल्लवीला बाजूला घेऊन सांगितलं, हे कुणाला बोलायचं नाही, ॲप बिघडलंय. तिने मान हलवली. पल्लवीच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण हे तिने पोटात ठेवलं, तिचं मला आजही कौतुक वाटतं.

लातूरला परत जाताना एसटीत मी स्वतःशीच वाद घालत होते. सावली? ऊनच नव्हतं. आणि सावली असती तर तिची चाल शिवलीलासारखीच असती, निराळी कशी येईल? भिंतीवरचा एखादा डाग? डाग चालत नाही. व्हिडिओ सेव्ह होताना काही गडबड? मग दोन्ही मोबाईलमध्ये तशीच कशी? आणि फक्त तिच्याच मागे? आपण काहीतरी ढोबळ विसरतोय, उद्या हसू येईल, असं मी मनाला बजावत राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सरळ नांदेड गाठलं. माझा कॉलेजचा मित्र मुजीब इतवाऱ्यात राहतो, कॉम्प्युटरचा प्राध्यापक आहे. कृत्रिम पाय बसवलेल्या लोकांच्या चालण्यावर त्याने बरंच काम केलेलं आहे. त्याच्या अम्मीने आम्हाला खिचडी-खट्टा वाढला आणि "बेटी, दुबली हो गई" म्हणत अजून एक डाव घातला. जेवण झाल्यावर मी त्याला काहीच न सांगता फक्त ग्राफ दाखवला. व्हिडिओ नाही. नुसती ती दुसरी लाट.

त्याने चष्मा वर केला, खाली केला.

"पेशंट कोण आहे तुझा?"

"का?"

"लंगडतोय ना. एका पायावर भार टाकत नाही. टेकवतो आणि पटकन उचलतो." त्याने बोटाने दोन ठिकाणं दाखवली. "पण नवं दुखणं नाही हे. नवं असतं तर इतकं सारखं येत नाही, माणूस अडखळतो. ह्याला सवय झालीय. खूप वर्षं असाच चालत असणार. बाई नाही वाटत, पुरुष आहे... अंगाने भरलेला. अच्छा है, तब्येत से चलता है आदमी. कोण आहे?"

मी व्हिडिओ उघडला. पांढरी भिंत, दोन वेण्यांची पोरगी तुरुतुरु चाललेली आणि तिच्या मागे निळे ठिपके. त्याने तो चारदा पाहिला. ठिपक्यांच्या जागा मोठ्या करून पाहिल्या. कसलासा प्रोग्राम लावून भिंतीचा रंग उलटापालटा केला. काही नाही.

"कॉम्प्रेशन..." तो म्हणाला आणि थांबला.

"कॉम्प्रेशन काय?"

"चाय पी पहले."

मुजीबचा स्वभाव मला माहीत आहे. त्याच्याकडे उत्तर असतं तर त्याने चहा थंड होईपर्यंत समजावून सांगितलं असतं.

त्यानंतरचा पूर्ण आठवडा शिवलीला आली नाही. शुक्रवारी पल्लवी स्टाफरूमच्या दारात उभी. "मॅडम, लीलाचा टीसी काढणार म्हणायलेत. तिला निलंग्याला मावशीकडं ठेवणार, आर्टला."

मी उठले. ही पोरगी सायन्स सोडून गेली तर माझ्या त्या सगळ्या लिंबा-सायकलींचा उपयोग काय, असं मला वाटलं. भिंतीवरचे ठिपके त्या क्षणी माझ्या डोक्यातही नव्हते, असं म्हटलं तर खोटं होईल... पण मी निघाले ती तिच्यासाठीच. दुपारचे तास झाल्यावर निलंग्याची गाडी पकडली, फाट्यावर उतरले आणि गावात चालत गेले. दोन्ही बाजूला ऊस, मधून मुरमाड रस्ता, रस्त्यावर मी आणि एक कुत्रं.

त्यांचं किराणा दुकान गावाच्या तोंडाशीच होतं. मागे घर. लीलाची आई, महानंदाताई, गल्ल्यावर बसल्या होत्या. मला ओळखून उठल्या. "शरणार्थ, मॅडम. या, बसा." आतल्या बाजूला बघून हाक दिली, "लीला, च्या ठिव गं, मॅडम आल्यात."

मी साखरेच्या पोत्याशेजारच्या स्टुलावर बसले आणि मुद्द्यावर आले. पोरीला काढू नका, हिच्यासारखी मुलगी माझ्या वर्गात दुसरी नाही.

"मला बी कुठं काढायचं हाय, मॅडम?" त्या म्हणाल्या. "पण ती जातच न्हाई. सकाळी वेण्या घालून, डबा घेऊन निघती आन् देवळापासून माघारी येती. म्हणती, फाट्यापर्यंत जाववत न्हाई. रोज ह्ये जायचे ना तिला सोडाया. गाडी हाय की घरी. पण पायीच. म्हणायचे, गाडीवर पोरगी पाठीमागं बसती, बोलता येत न्हाई." त्यांनी तराजू पुसायला घेतला, तो आधीच स्वच्छ होता. "मी सोडाया गेले असते. पण सकाळचं गिऱ्हाईक असतंय. दिराने म्हणलं, उगं कशाला ओढाताण... निलंग्याला ठिवू."

मग वाटलं, पोरगी काय करते ते तरी यांना दाखवावं. मी मोबाईल काढला. मागचा व्हिडिओ बंद करून नुसते ठिपके दाखवायची सोय त्या ॲपमध्ये आहे. काळ्या पडद्यावर फक्त ठिपका हलत जातो. निळा ट्रॅक मी लपवून ठेवला होता. नुसता लीलाच्या टिकलीचा लाल ठेवला.

"हे तुमच्या लीलाचं चालणं आहे. तिनेच यावरून गणित केलंय."

महानंदाताईंनी मोबाईल हातात घेतला. लाल ठिपका तुरुतुरु गेला. त्या हसल्या. "हाव की, तीच हाय! अशीच पळती, पाय भुईला लागत न्हाईत." त्यांना पुन्हा बघायचं होतं म्हणून त्यांनी पडद्यावर बोट दाबलं... कुठे दाबलं गेलं मला कळलं नाही, पण या वेळी लाल ठिपका निघाला आणि त्याच्या मागे निळाही निघाला.

मी हात पुढे केला, पण त्यांनी मोबाईल दिला नाही.

तेवढ्यात एक म्हातारबा चहापत्ती मागायला आले. महानंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ठिपके पडद्याच्या टोकाला पोचले. त्यांनी परत सुरुवातीपासून लावलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "हे कधीचं हाय? हे कधी आले होते कॉलेजला? मला तर बोलले न्हाईत."

"कोण?"

"लीलाचे अप्पा. हे काय, मागून येऊ लागलेत." त्यांचं बोट निळ्या ठिपक्याबरोबर सरकत होतं. "टेकवला की उचलला... टेकवला की उचलला. तेलाचा बॅरल पडला होता पायावर, लीला जन्मायच्या आधी. तवापासून असंच. कायम अर्धं पाऊल मागं, ही भरभर चालती म्हणून." मग माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं, "कधी काढला मॅडम हा? उन्हाळ्यात का?"

मी खोटं बोलू शकले असते. हो, उन्हाळ्यात... एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण त्या बाईने काळ्या पडद्यावरच्या एका ठिपक्यावरून आपला नवरा ओळखला होता. तिच्याशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

"मागच्या शनिवारी," मी म्हटलं. "लीला एकटीच चालत होती, ताई. मागे कुणी नव्हतं. मला काहीच सांगता येत नाहीये... मला खरंच माहीत नाही हे काय आहे."

मला वाटलं, आता रडारड होईल, नाहीतर मला शिव्या बसतील. दोन्ही झालं नाही. त्यांनी मोबाईल अलगद माझ्या हातात ठेवला. म्हातारबांना चहापत्ती बांधून दिली. पदराने डोळे पुसले, आणि चक्क मोकळ्या चेहऱ्याने आत वळून बघितलं. लीला चहाचे कप घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

आई तिला त्यांच्या घरच्या कानडीत एकच वाक्य बोलली, "अप्पा निन् जोडी अदार."

मला कानडी येत नाही. लीलाने हातातले कप सांडू न देता माझ्यासमोर ठेवले आणि खाली बसून आईच्या मांडीत तोंड खुपसलं. चहा फार गोड होता.

परत निघताना लीला मला फाट्यापर्यंत सोडायला आली. ऊन कलतं होतं, उसाला पाणी चालू होतं. मी विचारलं, "आई काय म्हणाली गं तुला?"

"अप्पा तुझ्यासोबत आहेत, म्हणली."

"आणि तुला काय वाटतं?"

तिने खरंच विचार केला, गणिताला करते तसा. "माहीत न्हाई मॅडम. पण रस्ता आज लवकर संपला." आणि खरोखरच आम्ही फाट्यावर पोचलो होतो. ती माघारी एकटी गेली. मी गाडीची वाट बघत तिच्याकडे बघत राहिले. वेण्या उडवत, तुरुतुरु, एकदाही मागे न वळता गेली.

सोमवारी पहिल्या तासाला ती बाकावर होती. त्यानंतर बारावी संपेपर्यंत तिने एकही दिवस बुडवला नाही, आणि टीसीचा विषय परत कुणी काढला नाही.

आता तुमच्यातले माझ्यासारखे चुका काढणारे विचारतील... मग परत प्रयोग केला का? केला. महिन्याभराने शिवलीला स्वतःच म्हणाली, "मॅडम, मला परत चालू द्या ना." तीच भिंत, तोच मोबाईल, तशीच सावली. ती चालली. या वेळी तिने स्वतः व्हिडिओ ॲपमध्ये घेतला आणि आपल्या मागच्या कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं. पल्लवी आणि मी श्वास रोखून.

ठिपका जागचा हलला नाही. 'सापडत नाही' असा मेसेज आला. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मला तिच्याकडे बघण्याचा धीर होईना. वाटलं, आता हिचा आधार गेला. आपण कशाला हो म्हटलं... पण ती मोबाईल खाली ठेवून अगदी शांतपणे म्हणाली, "बरं झालं मॅडम. अप्पांना लांब चालणं होत न्हाई. गुडघा सुजायचा त्यांचा." आणि पल्लवीला घेऊन भजी खायला गेली.

सध्या ती लातूरला बीएस्सी करते. फिजिक्सच. सुट्टीत कधीतरी घरी येते, माझ्या लेकाला सायकल शिकवते आणि त्याचा व्हिडिओ काढून त्याला ग्राफ दाखवते. तो पडला की त्याचाही ग्राफ.

मुजीबने तो व्हिडिओ अजून जपून ठेवला आहे. दर ईदला फोनवर आधी मुबारकबाद, मग तोच विषय. त्याने आतापर्यंत चार कारणं काढली, आणि चारही त्यानेच खोडली. मी काढलेली तर मोजलीच नाहीत. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. हे वाक्य लिहायला मला आवडत नाही, पण आहे ते असं आहे. वर्गात कुणी विचारलं तर मी अजूनही भूतबीत काही नसतं असंच सांगते... फक्त पूर्वी म्हणायचे तेवढ्या मोठ्याने सांगत नाही.

जाता जाता एक. महानंदाताईंनी ते नुसते ठिपके माझ्याकडून त्यांच्या मोबाईलवर मागून घेतले होते. दर सोमवारी, महादेवाचा वार म्हणून, त्या ते व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवतात. काळा पडदा, पुढे लाल, मागे निळा. गावातल्या बाया दुकानात विचारतात म्हणे, "वैनी, सोमवार आला की ह्ये ठिपके कशाचे वो लावता?"

महानंदाताई सामान बांधता बांधता सांगतात, "आमच्या घरचे हायत. लेकीला सोडाया निघालेत."

आणि विचारणाऱ्या बाईला तेल पाव किलो की अर्धा, ते विचारतात.